वाडीची डिस्क आणि सुलभाचा नंबर

गेम म्हणजे नक्की काय असतं, हे मला नीट सांगता येणार नाही. मी आयुष्यात एकही खेळलेले नाही. पण मांडवीला आमच्या घराच्या पडवीत बसून मी वीस-बावीस वर्षं गेमच्या डिस्क विकल्या, भाड्याने दिल्या, बदलून दिल्या. आमच्या शेजारची मासेवाली माळकरी आहे. तिला कोणी विचारत नाही, तू पापलेट खाल्ल्याशिवाय विकतेस कशी म्हणून. मलाही कोणी विचारू नये.

आधी आमचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. आमचे हे लाँचवर खलाशी होते. पाय दोरात सापडला, समुद्र सुटला, म्हणून दुकान टाकलं. कॅसेट गेल्या, सिनेमाच्या सीडी आल्या, त्याही गेल्या आणि गेम आले. पुढे हेही देवाघरी गेले. मी एकटी बसायला लागले. माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचते, लिहिते. इंग्रजी येत नाही, आणि गेमच्या खोक्यावर मराठीत एक अक्षर नसतं.

म्हणून खोक्यावरची चित्रं बघून मी माझी नावं पाडली. दाढीवाला, टकल्या, पिवळी गाडी, बर्फातला ट्रक. हळूहळू गिऱ्हाइकंही तीच नावं घ्यायला लागली. बँकेतले एक साहेब संध्याकाळी यायचे आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारायचे, "काकी, टकल्याचा पुढचा भाग आला का? मुलाला पाहिजे होता." त्यांना एकच मुलगी होती आणि ती पुण्याला हॉस्टेलवर होती. मी कधी बोलले नाही. दुकानदाराने काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

आमचा धंदा बाहेरच्यांना कळावा म्हणून थोडं सांगते. गेम चालवायचं एक मशीन असतं, ते टीव्हीला जोडतात. मशीनमध्ये डिस्क घातली की गेम चालतो, काढली की बंद. म्हणजे ज्याच्या हातात डिस्क, त्याचा गेम. खेळून कंटाळा आला की ती माझ्याकडे आणायची, वर थोडे पैसे द्यायचे आणि दुसरी न्यायची. आलेली डिस्क घेण्याजोगी आहे की नाही, हे ठरवायचं काम माझं. भोकात बोट घालायचं आणि ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची. मधून कडेकडे गेलेला ओरखडा फारसं नुकसान करत नाही. गोल फिरलेला ओरखडा असला की ती डिस्क संपली. पुसायची ती जुन्या धोतराच्या फडक्याने, मधून बाहेर, गोल कधीच नाही. पावसात कपाटात बल्ब पेटता ठेवायचा, नाहीतर आमच्या खाऱ्या हवेत कागदाला बुरशी धरते. सावर्ड्याच्या एका बाईने मुलाची डिस्क घाण दिसते म्हणून काथ्याने घासून लख्ख केली आणि बदलायला आणली. वर मलाच म्हणाली, "बघा, नवीच दिसते." मी ती परत तिच्या पिशवीत घातली. फार नम्रपणे घातली नाही.

माझा हंगाम इतरांच्या उलट. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, बोटी ओढून वर घेतलेल्या असतात. तेव्हा बाजारात मासळीवाल्या हात चोळत बसतात आणि माझ्या दुकानात खलाशांची रांग लागते. दहा महिने दर्यावर राहिलेला माणूस दोन महिने घरात बसून करणार काय. मुंबईच्या भावांनी वापरून दिलेली मशीनं घरोघर आलेली होतीच.

यात माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे समुद्राकडची खालची वाडी. तिथे सात घरांत मशीन. सात घरांनी मिळून दरवर्षी बंदीच्या सुरुवातीला एक नवी डिस्क घ्यायची, अशी त्यांची रीत. शिमग्यात पालखी ज्या क्रमाने घरोघर जाते, त्याच क्रमाने ती डिस्क फिरायची. एक दिवस एका घरी. पहिला मान दत्ताराम तांडेलाचा. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. पन्नाशीचा, यांच्याबरोबर लाँचवर होता, म्हणून मला वहिनी म्हणतो. त्याच्या ओटीवर नव्या डिस्कसमोर नारळ ठेवायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं, मग खोक्याचं सील फोडायचं आणि फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल मला द्यायचं. डिस्क देणाऱ्याचा तो मान. कोणी म्हणेल, यात काय एवढं. ज्या बाईला वाडीत कुठल्याच कार्यात पुढे बोलावत नाहीत, तिला विचारा.

आता सुलभा. तिच्याबद्दल लिहिलं नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. सुलभा माझी धाकटी जाऊ. माहेर गुहागरचं, बारावी झालेली. दीर मुंबईला कंपनीत. घर एक, मधे भिंत, अर्धी पडवी माझी आणि अर्धी तिची. आधी ती झेरॉक्स काढायची, लोकांचे फॉर्म भरायची, मोबाईलचे रिचार्ज करायची. मग वायरचं इंटरनेट आलं, तर त्याची जोडणी द्यायचं काम तिने घेतलं. आणि एक दिवस ती गेम विकायला लागली.

कसे, तर गिऱ्हाईक पैसे देतं, ती मोबाईलवर काहीतरी दाबते, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर अक्षरं-आकड्यांचा एक लांबलचक नंबर येतो. तो नंबर मशीनमध्ये घातला की गेम वायरीतून घरात उतरतो. खोकं नाही, डिस्क नाही, पुसणं नाही. पहिल्यांदा मी हसले. म्हटलं, बाई हवा विकते. वर्षभरात माझं हसू गेलं.

मी जळायला लागले. दुसरा शब्द वापरत नाही. मी सकाळी उठून कपाटं पुसायची, आणि तिच्याकडे पुसायला काही नव्हतंच. मी पाच मिनिटं मागे गेले तर माझं दुकान बंद. ती गुहागरला आईकडे कोकमाची सोलं वाळवायला आठ दिवस गेली तरी तिचं दुकान चालू, तिथल्या अंगणातून नंबर पाठवायची. माझ्याकडे डिस्क परत करायला आलेला माणूस भांडायचा, ओरखडा माझा नाही म्हणायचा. तिच्याकडे कोणी काही परत आणतच नव्हतं. ती जेवताना डाव्या हाताने धंदा करायची. मी भिंतीपलीकडून तिच्या मोबाईलचा टुंग असा आवाज ऐकायची आणि माझ्या मनात यायचं, गेलं एक गिऱ्हाईक.

मग मी गिऱ्हाइकांना मुद्दाम मोठ्याने सांगायची, "नंबर एकदा घातला की मेला. तो विकता येत नाही, बदलता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. डिस्क तुमची असते. नंबर कोणाचा असतो?"

पलीकडून सुलभा शांतपणे म्हणायची, "होय वयनी. पण नंबराला बुरशी येत नाय."

गिऱ्हाईक हसायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी जे सांगत होते ते खरंच होतं, हे आजही म्हणेन. पण ते मी गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी सांगत नव्हते.

एका वर्षी मे महिन्यात दत्ताराम आला. बर्फातल्या ट्रकचा नवा भाग येणार होता. तो गेम त्याचा जीव की प्राण. आयुष्यात त्याने बर्फ बघितला तो मासळीवर घालायचा. मी एकदा विचारलं होतं, त्या ट्रकात तुला काय मिळतं. तर म्हणाला, "दर्यावर रस्ता दिसत नाय वयनी. हितं निदान दिसतो तरी."

त्या दिवशी मात्र तो उभ्या उभ्याच बोलला. "वयनी, तुमची डिस्क कधी येल?"

"येईल की. दरवर्षी येते तशी."

"दरवर्षी धा दिवस उशिरा येते. सुलभाकडं म्हणे गेम ज्या दिवशी निघतो त्याच दिवशी मिळतो. वाडीतली माणसं म्हणतात, यंदा तिच्याकडून घेऊ. मी म्हटलं, आधी वयनींना विचारतो."

सुलभा भिंतीपलीकडे झेरॉक्स काढत होती. मशीनचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, "माझी पण त्याच दिवशी येईल."

हे खोटं होतं. माझ्याकडे डिस्क मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून यायची, त्याच्याकडे आणखी कोणाकडून. पण दत्ताराम गेल्यावर मी व्यापाऱ्याला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा कोणाची मनधरणी केली. तो म्हणाला, "मावशी, एक बॉक्स आहे, वेळेवर पाठवतो. पण हा नवीन पद्धतीचा आहे, चालेल ना?"

नवीन पद्धतीचा म्हणजे काय, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर पलीकडे कळलं असतं की मला माहीत नाही. मी म्हटलं, "चालेल. मला माहीत आहे."

पार्सल सकाळच्या बसने आलं. खोकं हातात घेतलं आणि हाताला कळलं. डिस्क असलेल्या खोक्याला एक वजन असतं. हलवलं की आत बारीकसं खट्ट वाजतं. हे हलकं होतं आणि वाजलं नाही. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. दहा पावलांवर ते वाचू शकणारी बाई बसली होती. मी खोकं पिशवीत घातलं. मनाला सांगितलं, आता डिस्क घट्ट बसवत असतील. फोडून बघणं शक्य नव्हतं, सील गाऱ्हाण्यानंतरच फोडायचं असतं. पण विचारणं शक्य होतं.

संध्याकाळी दत्तारामच्या ओटीवर सातही घरची माणसं जमली. सुलभाही होती, त्याच्या इंटरनेटची वायर बघायला आली होती आणि थांबली. दत्तारामने पाटावर खोकं ठेवलं, पुढे नारळ ठेवला, मग खोकं उचलून कपाळाला लावलं आणि हात जोडून सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या वाडीत नवा गेम आलेला हाय."

"व्हय म्हाराजा."

"सात घरांत तो नीट फिरू दे. कोणाची लाइट जाऊ नये, कोणाचं मशीन तापू नये, कोणी दुसऱ्याच्या पाळीत हात घालू नये."

"व्हय म्हाराजा."

"जिनं तो आणून दिला, तिच्या दुकानाला बरकत दे."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. दत्तारामने सील काढलं, खोकं उघडलं. आत डिस्क नव्हती. डिस्क बसवायची जागाही नव्हती. एक कागद होता, हाताच्या तळव्याएवढा.

मागून कोणीतरी म्हणालं, "बसमध्ये पडली काय?" दत्तारामने खोकं काड्यापेटीसारखं कानाजवळ हलवलं, उलटं केलं, माझ्याकडे बघितलं. "वयनी, ह्यात काय हाय?"

सात घरांनी विश्वासाने दिलेलं काम. आणि मला माहीत नव्हतं यात काय आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या मांडवीत पसरणार होतं, म्हातारीने वाडीला रिकामं खोकं विकलं.

सुलभा पुढे आली. तिने कागद वाचला, खोक्याची मागची बाजू वाचली. मग माझ्याकडे बघितलं. ती काय बोलू शकते ते मला ठाऊक होतं. तिच्या जागी मी असते तर मी बोलले असते. चवीने बोलले असते.

ती म्हणाली, "बरोबर हाय. वयनींनी मुद्दाम नवीन पद्धतीचा मागवलाय. ह्यात डिस्क नसते, नंबर असतो. मला म्हणाल्या होत्या परवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

"मग पाळीचं काय?" एकाने विचारलं. "कागद फिरवून गेम कसा चालंल?"

सुलभाने समजावलं. नंबर एकाच खात्यात एकदाच जातो. दत्तारामच्या घरी वायर आहे, तिथल्या मशीनमध्ये गेम उतरेल. बाकीच्या घरांत वायर नाही. शेजाऱ्याला देता येत नाही, असं मी ओरडून सांगायची तेच ती सांगत होती, फक्त हळू आवाजात.

दत्ताराम म्हणाला, "पालखी कशी फिरते? देवळात देव ठेवून आपण घरोघर नुसता निरोप पाठवतो काय? देवच जातो. मशीनच फिरवू."

आणि तसंच झालं. दोन दिवस गेम वायरीतून उतरत होता. तिसऱ्या दिवशी मशीन टॉवेलमध्ये गुंडाळलं, मासळीच्या धुतलेल्या टोपलीत ठेवलं आणि निघालं. पुढे दत्ताराम टोपली घेऊन, बाजूला एकजण टोपलीवर छत्री धरून, मागे सुलभा वायरी गळ्यात अडकवून, कारण दुसऱ्याच्या टीव्हीला ते जोडायला तिलाच येत होतं. बंदीचे दोन महिने रोज सकाळी ही मिरवणूक माझ्या दुकानासमोरून गेली. घराघरांत सुलभाला चहा, सुलभाला पाट. त्या दिवशीचं नारळाचं भकलही दत्तारामने तिच्याच हातावर ठेवलं होतं. ती म्हणाली, वयनींना द्या. मी म्हटलं, तूच घे, माझे दात दुखतात. माझे दात चांगले आहेत.

वाडीतल्या बायका मला म्हणायच्या, "तुमचं जावाजावांचं बरं जमतं गो." मी फक्त हुं म्हणायची.

आधी मला तिच्या धंद्याचा हेवा होता. तो मी समजू शकत होते. नवीन माल येतो, जुना मागे पडतो, कॅसेटच्या वेळी मी हे बघितलेलं होतं. पण आता मला ओटीवरच्या तिच्या त्या एका वाक्याचा हेवा वाटायला लागला. किती सहज बोलली ती. मला असं बोलता आलं नसतं, हे मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत असणार. मी तिचे आभार मानले नाहीत. तिनेही तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं. ती आपली मधूनमधून वाटीभर आमटी आणून द्यायची आणि मी वाटी धुऊन परत द्यायची, रिकामी. आमच्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत. मी देत होते.

एक गोष्ट मला खरोखर लागते, ती इथे लिहून टाकते. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिला एकही खोकं वाचायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धंदा कदाचित आणखी चार वर्षं बरा चालला असता. टकल्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही.

पुढच्या मे महिन्यात मला राहवेना. वाडीची नवीन खरेदी जवळ आली होती. मी दत्तारामकडे गेले. तो ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याची बायको पाणी घेऊन आली, मी घेतलं नाही, उभ्यानेच बोलले.

"दत्ताराम, गेल्या वर्षी त्या खोक्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी काही नवीन पद्धतीचं मुद्दाम मागवलं नव्हतं. सुलभा खोटं बोलली. माझी अब्रू जाऊ नये म्हणून बोलली."

मी खरं बोलले ते चांगुलपणाने नाही. मला तिच्या उपकाराखाली आणखी एक वर्ष काढायचं नव्हतं.

दत्तारामने गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. "हलकं लागलं होतं वयनी. माझ्या पण हाताला. कपाळाला लावताना."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या वर्षांच्या दुकानदार. तुम्हाला लागलं असतं तर तुम्ही बोलला असतात, असं मला वाटलं."

मी घरून ठरवून आणलेली दुसरी गोष्ट काढली. "यंदाचा गेम सुलभाकडून घ्या. सरळ नंबर घ्या. वाडीला मी सांगेन."

हेही मन मोठं झालं म्हणून नव्हतं. सगळा मोठेपणा तिनेच का करायचा, थोडा मीही करून बघते, असं माझ्या मनात होतं. तिला कळलं पाहिजे की मलाही येतं. रात्रभर मी ते वाक्य पाठ केलं होतं.

दत्ताराम हसायला लागला. बायकोकडे बघून हसला, तीही हसली.

"हसायला काय झालं?"

"सुलभा येऊन गेली काल सकाळी," तो म्हणाला. "म्हणाली, यंदा वयनींकडून डिस्कच घ्या. मशीन टोपलीतून पडता पडता दोनदा वाचलंय. सात घरांना डिस्कच बरी. धा दिवस उशिरा आली तर कोण मरत नाय."

"काल?"

"काल सकाळी. चहा पण घेतला न्हाय तिनं, घाईत होती."

मी तिथेच पायरीवर बसले. बायकोने परत पाणी पुढे केलं, ते मी प्याले.

"आता सांगा वयनी," दत्ताराम म्हणाला, "कोणाचं ऐकू?"

मी थोडा विचार केला. फार नाही.

"तिचं ऐक," मी म्हटलं.

डिस्क माझ्याकडूनच गेली. दहा दिवस उशिरा गेली. खोकं आलं तेव्हा ते घेऊन मी पहिल्यांदा भिंतीच्या पलीकडे गेले आणि सुलभाला म्हटलं, मागचं बारीक वाच. तिने वाचलं, म्हणाली, "डिस्क हाय वयनी." वाडीचं गिऱ्हाईक तेव्हापासून आजपर्यंत माझंच आहे, दुकानात आता तेवढंच उरलंय. लोक म्हणतात, एवढ्या नंबरवाल्यांच्या काळात म्हातारीने गिऱ्हाईक टिकवलं. मी त्यांना काही सांगत नाही. ते मी टिकवलेलं नाही. ते तिने मला दिलं आहे, माझ्या एक दिवस आधी जाऊन, आणि एवढी वर्षं झाली तरी मला ते पचलेलं नाही.